वकीलसाहेब जेवत नाहीत

मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यावरच्या जुन्या धक्क्यावर डोन्या लिब्रादाचा तवा तापला की नावाडी आपापल्या रंगीत नावा बांधून तिच्याभोवती गोळा होत. ते तिच्या त्लाकोयोसाठी येतात की तिच्या जिभेसाठी, यावर धक्क्यावर दोन तट होते. त्लाकोयो म्हणजे निळ्या मक्याची, पोटात घेवड्याचं सारण भरलेली लांबट जाड भाकरी. ती तव्यावरून उतरवता उतरवता लिब्रादा गिऱ्हाइकाचाही थोडा उद्धार करून घेई आणि त्याचे वेगळे पैसे लावत नसे. माणूस अजून पायऱ्यांवर असतानाच याला एक पुरेल की तीन लागतील हे तिला कळायचं. दुसऱ्याची भूक ओळखण्यात त्या अख्ख्या कालव्यावर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि नेमकी हीच गोष्ट मार्च महिन्यापासून तिला छळत होती.

मार्चमध्ये तिचा नवरा क्रेसेन्सियो गेला. क्रेसेन्सियो नावाडी. लांबलचक बांबूनं नाव ढकलायची, पर्यटकांना खोट्या गोष्टी खऱ्या चेहऱ्यानं सांगायच्या आणि दुपारी बायकोच्या तव्यापाशी येऊन फुकट जेवायचं, असा त्याचा शिस्तशीर दिनक्रम होता. नाताळाच्या सुमारास तो अर्धा त्लाकोयो खाऊन अर्धा ताटात ठेवू लागला. गॅस झालाय म्हणाला. लिब्रादानं सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं सांगितलं की साहेबांना आता कमरेचा आकार सुधारायचाय, कालव्यात एखादी अप्सरा दिसली असणार. नावाडी हसले. क्रेसेन्सियोही हसला. मग त्याच्या पट्ट्याला नवीन भोक पडलं, तेही तिनंच खिळा तापवून पाडून दिलं. तो नावेच्या कडेवर डाव्या अंगावर कलून बसू लागला, तेव्हा ती म्हणाली, नाव उलटवशील मेल्या, सरळ बस. त्याचा उरलेला अर्धा त्लाकोयो ती रोज उभ्याउभ्या स्वतः खाऊन टाकायची, टाकायचं कशाला म्हणून. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, लवकर आणायला हवं होतं."

त्यानंतर घरात दोघंच उरले. एक लिब्रादा आणि दुसरे वकीलसाहेब.

वकीलसाहेब हा क्रेसेन्सियोचा आहोलोते. जाणाऱ्यायेणाऱ्याला पाल म्हणावं की मासा, असा प्रश्न पाडणारा, चार पायांचा, शेपटीचा, मानेच्या दोन्ही बाजूंनी लाल पिसांसारखे कल्ल्यांचे तुरे मिरवणारा पाण्यातला जीव. कालव्यात आता असा सापडत नाही. क्रेसेन्सियोच्या एका दोस्तानं आपल्या मळ्यावरच्या टाक्यांमध्ये वाढवलेल्यांपैकी हा होता. दिवसभर काही करत नाही, काही विचारलं तर नुसता हसतो आणि खायला मिळालं तर तोंड लगेच उघडतो, म्हणून क्रेसेन्सियोनं त्याचं नाव लिसेन्सियादो, म्हणजे वकीलसाहेब, ठेवलं. वॉर्डाच्या कचेरीतला एक खराखुरा वकील एकदा त्लाकोयो खायला आला होता, त्याला हे नाव कळलं तेव्हा तो आहोलोतेला भेटायला मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. क्रेसेन्सियोच्या मते ती व्यावसायिक सल्लामसलत होती.

काचेची टाकी मागच्या खोलीत, कपडे धुवायच्या दगडाशेजारी, जिथे ऊन कधी येत नाही अशा कोपऱ्यात असायची. शेजारी नळाचं पाणी भरून ठेवलेल्या बादल्या. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उडून जायला पाणी दोन दिवस उघडं ठेवावं लागतं, हे क्रेसेन्सियो इतक्या गंभीरपणे सांगायचा की जणू मोठी गुप्त विद्याच. तो गेल्यावरही लिब्रादा बादल्या भरत राहिली. कशासाठी, असं तिनं स्वतःला विचारलं नाही. आहोलोतेला पापण्या नसतात. मागच्या खोलीत ती कपडे धुवायला बसली की वकीलसाहेब काचेला नाक लावून एकटक बघत राहत. मधेच वर येऊन हवेचा एक घोट घेत आणि 'गुळुक' असा आवाज होई. क्रेसेन्सियो कॉफी अशीच प्यायचा. ती या आवाजावरून त्याच्याशी जन्मभर भांडली होती. आता तो आवाज आला की ती कपडे पिळता पिळता थांबायची आणि न वळता म्हणायची, "आवाज करू नकोस पिताना." मग वळायची. तिथे टाकीच असायची.

ऑक्टोबर सरत आला. मेलेली माणसं घरी यायचे दिवस जवळ आले, आणि क्रेसेन्सियोचं हे पहिलंच येणं. पहिल्या वर्षी मेलेला माणूस वाट चुकतो, असं म्हणतात, आणि क्रेसेन्सियो तर जिवंतपणीही शनिवारी रात्री वाट चुकायचा. म्हणून लिब्रादानं सगळ्या गल्लीच्या आधी, आठवडाभर अगोदरच, पुढच्या खोलीत त्याच्यासाठी पायऱ्या-पायऱ्यांची आरास मांडली. वर त्याचा फोटो, खाली झेंडूचे ढीग, मिठाची बशी, पाण्याचा पेला आणि मेणबत्त्याच मेणबत्त्या. कोपालचा धूप तर असा, की शेजारच्यांनी एकदा पाण्याची पिंपं घेऊन दार वाजवलं. आणि घरात पाऊल टाकताच त्याला त्याचं आवडतं तोंड दिसावं म्हणून दोन शेजाऱ्यांना हाताशी धरून तिनं ती जड टाकी मागून उचलून आणली आणि आरासेच्या अगदी पायाशी, मेणबत्त्यांच्या रांगेत ठेवली. वाऱ्यानं ज्योती विझू नयेत म्हणून खिडक्या लावून घेतल्या. आपण काय सुंदर युक्ती केली म्हणून ती त्या दिवशी स्वतःवर खूष होती. जिवापाड प्रेम केल्याशिवाय एवढी मोठी चूक माणसाच्या हातून होत नाही.

पहिल्यांदा तिला दिसली ती शेपटी. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं होतं, बोट वाकवून कोणाला जवळ बोलवावं तसं. नावेतून क्रेसेन्सियो तिला असंच बोट वाकवून बोलवायचा. लिब्रादाच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी बरंही वाटलं. मग कल्ल्यांचे तुरे पुढे वळले, जोराच्या प्रवाहाविरुद्ध तोंड करून उभं राहिल्यासारखे, टाकीतलं पाणी तर अगदी निश्चल. मग वकीलसाहेब तळ सोडून वर तरंगू लागले, आणि तरंगताना डाव्या अंगावर कलू लागले. त्यांची गुलाबी कातडी फिकी पडली. एका तुऱ्याच्या टोकाला कापसाचं बोंड चिकटावं तसं पांढरं काहीतरी उगवलं. लिब्रादाला वाटलं, धुपाची राख पडली असेल. झेंडूच्या पाकळ्या पाण्यात पडून मऊ होत होत्या, त्याही तिनं काढल्या नाहीत. पाकळ्या म्हणजे मेलेल्याची वाट. ती वाट त्याच्या लाडक्यापर्यंत आपोआप गेली, हे तिला शुभच वाटलं.

एक तारखेला सकाळी तिची नणंद गुमेर्सिंदा आली. नवऱ्याची थोरली बहीण. भाऊ येणार म्हणून काळा रेशमी रुमाल बांधून, मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालांचं पातेलं काखोटीला मारून आणि घरात काय काय चुकलंय ते बघायला डोळे मोकळे ठेवून. तिनं आरास पाहिली, नाक मुरडायला जागा सापडली नाही म्हणून जरा खट्टू झाली आणि मग तिची नजर टाकीवर गेली.

ती खाली बसली. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, यात क्रेसेन्सियो उतरलाय. जुन्या काळी मरणाला भिऊन पाण्यात लपलेला देव तोच हा आहोलोते, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. मग मेलेल्या माणसानं घरी यायला दुसरा दरवाजा कशाला शोधायचा? आणि उतरला नसेल तर न्यायला आला असेल. तिकडे एकट्याला करमत नसणार.

"हात लावू नकोस वहिनी," ती म्हणाली. "मालकाची वस्तू मालकाला घेऊन जाऊ दे."

खरं सांगायचं तर गेले काही दिवस लिब्रादाही मनातल्या मनात हेच घोकत होती, फक्त शब्दांत उच्चारायला धजत नव्हती. तो इथे आहे. काचेमागून बघतोय. बोट वाकवून बोलावतोय. एवढ्या महिन्यांनी घरात कोणीतरी आहे असं वाटत होतं. ते चुकीचं ठरावं असं कुठल्या विधवेला वाटेल? आणि खरंच न्यायला आला असेल, तर आपण आडवं यायचं म्हणजे परत एकदा त्याच्याशी भांडणच.

बरोबर दुपारी बारा वाजता देवळाच्या घंटा वाजू लागल्या. मोठ्या माणसांचे आत्मे वाटेला लागले. गल्लीत फटाके फुटले. गुमेर्सिंदानं धूप नव्यानं पेटवला आणि हात जोडून दाराकडे बघत उभी राहिली. लिब्रादानं ताजा त्लाकोयो, वर निवडुंगाची भाजी आणि किसलेलं चीज घालून, फोटोपुढे ठेवला. मग तिला वाटलं, ज्यात तो उतरलाय त्यालाही भरवावं. तिनं ओल्या मातीच्या डब्यातून एक जाडसं गांडूळ चिमट्यात धरून पाण्यात सोडलं. वकीलसाहेबांनी तोंड उघडलं, गांडूळ धरलं, अर्धं आत ओढलं आणि थांबले. मग हळूच बाहेर टाकलं. अर्धं चिरडलेलं, अर्धं शाबूत गांडूळ पाकळ्यांमधून फिरत फिरत तळाशी गेलं. वकीलसाहेब डाव्या अंगावर कलले आणि तिच्याकडे बघत हसत राहिले.

लिब्रादानं ते हसणं पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला. हे हसणं तिनं आधी पाहिलं होतं. गॅस झालाय म्हणताना. पट्ट्याला भोक पाडताना.

"हा त्याच्यासारखा दिसतोय कारण हा त्याच्यासारखा आजारी आहे," ती म्हणाली.

"कोण?" गुमेर्सिंदानं विचारलं.

पण लिब्रादा एप्रनसकट रस्त्यावर पोचली होती.

जनावरांची डॉक्टर सेनाइदा दोन गल्ल्या पलीकडे राहायची. सुट्टीचा दिवस, दवाखाना बंद. ती घरातच आपली आरास लावत होती, आणि तिच्या आरासेत माणसं नव्हती. कुत्री, मांजरं, एक पोपट आणि एक ससा, सगळे चौकटीत बसवून ओळीनं मांडलेले. हे तिच्या हातून गेलेले पेशंट. अशी आरास एखाद्या माणसांच्या डॉक्टरनं मांडली असती तर त्याच्याकडे पुन्हा कोणी फिरकलं नसतं. सेनाइदाकडे मात्र लोक उलट भरवशानं यायचे, कारण ती विसरत नाही हे दिसत होतं. लिब्रादानं धापा टाकत सगळं सांगितलं: वळलेली शेपटी, पुढे आलेले तुरे, तरंगणं, कलणं, कापूस, थुंकलेलं गांडूळ. सेनाइदानं वाटेतच टाकी कुठे ठेवलीय ते विचारलं. लिब्रादानं तेही सांगितलं. सेनाइदा चालायचं सोडून पळू लागली.

घरात येऊन तिनं टाकीत बोट बुडवलं आणि फोटोतल्या क्रेसेन्सियोकडे क्षमा मागितल्यासारखं पाहिलं.

"डोन्या लिब्रादा, तुम्ही याला शिजवताय."

पाणी कोमट झालं होतं. याला थंडी लागते, कालव्याच्या तळाची थंडी, ती म्हणाली. उबेत याचं अंग आतून थकतं, फुलं कुजून पाणी बिघडतं आणि मग त्या नाजूक तुऱ्यावर बुरशी चढते. कापूस म्हणजे ती बुरशी. बोटांनी ओढायची नाही, तुरा निघून येईल. आधी सगळा जाळ बंद करायचा. मग याला दोन दिवस ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात घ्यायचं आणि ते पाणी हळूहळू गार करायचं, एकदम नाही. मग डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. रोज पाणी बदलायचं, बदलायचं पाणीही तितकंच गार हवं. खायला काही नाही. दिवसाकाठी थोडा वेळ मिठाच्या पाण्यात आंघोळ, तीही मोजून, तिथेच उभं राहून. मीठ साधं खड्यांचं हवं, आयोडिनवालं नको.

"जगेल का?" लिब्रादानं विचारलं.

"ते नाही सांगू शकत. पण तुम्ही वेळेत आलात."

हे वाक्य ऐकायला लिब्रादा एकदा सरकारी दवाखान्यातल्या खोलीत बसली होती, आणि तिथे कोणी म्हटलं नव्हतं.

प्रश्न आता मेणबत्त्यांचा होता. घंटा नुकत्याच थांबल्या होत्या, क्रेसेन्सियो बहुधा गल्लीच्या तोंडाशी असेल, आणि अशा वेळी ज्योत विझवणं म्हणजे पाहुणा दारात असताना त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. गुमेर्सिंदा आरासेपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिच्या भावाला वाट दिसायची नाही, ती म्हणाली. पहिलंच वर्ष, अंधारात तो कुठे कुठे धडपडेल, आणि हे सगळं एका पाण्यातल्या पालीसाठी.

"वन्सं," लिब्रादा म्हणाली, "दर शनिवारी पिऊन कालव्यातून यायचा तेव्हा कोण मेणबत्ती धरत होतं त्याच्यापुढे? येईल बरोबर."

मग तिनं पहिली मेणबत्ती चिमटीत विझवली. दुसरी. फुंकर मारत नव्हती. फुंकर मारली तर आत्म्याला थंडी वाजते. बोटं भाजत होती. शेवटची फोटोच्या पायाशी होती. तिच्यापाशी ती थांबली.

"क्रेसेन्सियो, तू आपला जेवून घे," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघायचं राहिलं. याच्याकडे बघू दे."

आणि तीही विझवली. खोलीत धूर भरला. खिडक्या उघडल्या तशी गार हवा आत आली आणि झेंडूच्या पाकळ्या दारापासून सरकत सरकत आरासेपर्यंत आल्या, पावलं वाजल्यासारख्या. गुमेर्सिंदानं छातीवर क्रूसाची खूण केली. सेनाइदानं तेवढ्यात अस्तन्या सरसावल्या होत्या.

मागच्या खोलीतल्या बादल्या भरलेल्याच होत्या. लिब्रादा इतके महिने त्या कशासाठी भरत होती ते तिला आत्ता कळलं. मीठही लांब शोधावं लागलं नाही. आत्म्याला शुद्ध करायला ठेवलेली बशी आरासेवरच होती, त्यातलं खड्यांचं मीठ वकीलसाहेबांच्या आंघोळीला गेलं. फ्रीजमध्ये मात्र जागा नव्हती. मोलेच्या तिखट रश्श्याचं पातेलं, जेलीचे थरच्या थर, गुमेर्सिंदाचे तमाल, क्रेसेन्सियोसाठी गार केलेली बिअर. लिब्रादानं सगळं बाहेर काढलं. बिअर मात्र राहू दिली. शेवटी झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात वकीलसाहेब खालच्या कप्प्यात विराजमान झाले, डाव्या हाताला बिअर. जिवंतपणी क्रेसेन्सियोला याहून मोठी महत्त्वाकांक्षा नव्हती.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिब्रादा दर थोड्या वेळानं फ्रीज उघडत होती. उघडलं की आतला दिवा लागायचा आणि दोन बिनपापण्यांचे डोळे तिच्याकडे बघत असायचे. ती दार लावायची आणि तिला वाटायचं, आत अंधारात ते डोळे अजून बघताहेत. आरास तशीच विझलेली उभी होती. रात्री गल्लीतल्या प्रत्येक घरातून उजेड रस्त्यावर येत होता, तेवढं एक घर सोडून. गुमेर्सिंदा कोपऱ्यात खुर्ची ओढून बसली होती, अबोला धरून. तिचा अबोला म्हणजे ती फक्त स्वतःशीच मोठ्यानं बोलायची. वाट चुकला असणार, म्हणत होती. शेजारच्यांकडे गेला असणार. त्यांचा उजेड मोठा आहे.

लिब्रादालाही तीच भीती वाटत होती.

दोन तारखेला दुपारी पुन्हा घंटा वाजल्या. मेलेली माणसं परत निघाली. आता जिवंतांनी आरासेवरचं खायचं. मेलेले वास आणि चव घेऊन जातात, मागे नुसता चोथा उरतो. त्यावरूनच कळतं, कोण आलं आणि कोण नाही. लिब्रादानं फोटोपुढचा त्लाकोयो उचलला. उचलताना तो मधोमध मोडला. एक तुकडा तिनं नणंदेला दिला, कारण काही झालं तरी ती त्याची बहीण होती.

गुमेर्सिंदानं घास घेतला, चावला, आणि तिचा चेहरा पडला.

"मीठ, मिरची, सगळं जागच्या जागी आहे," ती रडवेली होऊन म्हणाली. "फार चांगला झालाय. तो आलाच नाही गं वहिनी."

लिब्रादानं आपला तुकडा तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. मीठ नव्हतं. घेवडा नव्हता, निवडुंग नव्हता, तिनं स्वतः वाटलेली मिरची नव्हती. भिजलेला पुठ्ठा चावावा तसं. तिनं नणंदेच्या हातातला तुकडा घेतला आणि त्याचा एक घास खाल्ला. तिखट डोळ्यांत आलं. मग पुन्हा आपला. काहीच नाही.

तिनं दोन्ही तुकडे फोटोपुढे धरले.

"अर्धाच खाल्ला," ती म्हणाली.

गुमेर्सिंदानं तिच्याकडे पाहिलं आणि या खेपेला 'कोण?' म्हणून विचारलं नाही. ती उठली, काळ्या रुमालानं नाक पुसलं आणि आपल्या हातानं फ्रीज उघडला. दिवा लागला. वकीलसाहेब तळाशी बसले होते, सरळ, कुठेही न कलता. शेपटीचं टोक अजून थोडं वाकलेलं होतं. आतून एक गुळुक आवाज आला.

"आवाज करू नकोस पिताना," गुमेर्सिंदा म्हणाली. लहानपणी तिनंही भावाला हेच सांगितलं असणार.

वकीलसाहेब बरेच दिवस फ्रीजमध्ये राहिले. एक तुरा झडला आणि नाताळाच्या सुमारास पुन्हा फुटला, जरा आखूड. मग ते मागच्या गार कोपऱ्यात परत गेले, आणि एका सकाळी त्यांनी अख्खं गांडूळ गिळून आणखी आहे का म्हणून वर पाहिलं. सेनाइदानं आपल्या आरासेसाठी घेऊन ठेवलेली एक चौकट रिकामीच राहिली.

धक्क्यावर लिब्रादाची जीभ पूर्वीसारखीच चालते. फक्त तिच्या ताटात अर्धं टाकायची आता कोणाची छाती नाही. नावाडी पोट फुटेपर्यंत खातात. परवा एका तरण्याताठ्या नावाड्यानं चुकून अर्धा त्लाकोयो बाजूला सारला आणि गॅस झालाय म्हणाला. बाकीचे हसायला लागले. लिब्रादा हसली नाही. तिनं तव्याखालचा जाळ बंद केला, हात पुसले आणि त्याच्यासमोर बाकावर येऊन बसली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.